‘ब्लू माउस इअर्स’ होस्टा आणि त्याचं कुटुंब : सहा हंगाम लावून पाहिल्यावर

आमच्या टाउनहाउसच्या मागच्या दारी झाडं लावायला मिळालेली जागा आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद. त्यापलीकडचं गवत घरमालकांच्या असोसिएशनचं, त्याला हात लावायचा नाही. त्या एवढ्याशा जागेवर एका जुन्या मेपलची सावली असते. सकाळी साडेआठ ते अकरा ऊन येतं, मग दिवसभर कवडसे. आम्ही डेट्रॉइटजवळ नोवायला राहतो. माझं माहेर सावंतवाडीचं. तिथं परसात काठी खोचली तरी तिला पालवी फुटायची, त्यामुळे इथं आल्यावर पहिली काही वर्षं मी त्याच हिमतीनं गुलाब लावले, झेंडू लावला, मिरच्या लावल्या. उन्हाअभावी सगळी झाडं उंच, बारीक आणि फिकट व्हायची. सावलीत काय लावू असं कुणालाही विचारलं की एकच उत्तर यायचं, होस्टा लाव. मला ते नाव ऐकूनच कंटाळा यायचा. इथं बँकेच्या दारात, दंतवैद्याच्या पार्किंगच्या कडेला, पेट्रोल पंपामागे, जिथं तिथं तेच एक पांढऱ्या काठाचं मोठ्या पानांचं झाड असतं.

२०२० च्या मे महिन्यात नर्सरीत गेलो होतो तेव्हा नात चार वर्षांची होती. एका टेबलावर बशीएवढी निळसर रोपं मांडलेली होती. तिच्या आईनं तिला चिठ्ठीवरचं नाव वाचून दाखवलं, ‘ब्लू माउस इअर्स’, म्हणजे निळ्या उंदराचे कान. पोर ओरडलीच, “आजी, बाप्पाचा उंदीर!” तेरा डॉलर देऊन ते रोप घरी आणलं. आज त्या आठ बाय पाचच्या तुकड्यात होस्टाचे अकरा गड्डे आहेत आणि घरात सगळे त्या जागेला ‘मूषक कोपरा’ म्हणतात. ज्यांना छोट्या जागेत एखादी कल्पना धरून होस्टा जमवायचे आहेत, त्यांना माझे पैसे कुठं वसूल झाले आणि कुठं वाया गेले ते कळावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी मूळ झाडाविषयी. ‘ब्लू माउस इअर्स’ हे ‘ब्लू कॅडेट’ नावाच्या होस्टातून आपोआप झालेल्या बदलातून मिळालं. एमिली आणि जिम डेकर्ट या जोडप्यानं ते २००० साली नोंदवलं आणि २००८ मध्ये अमेरिकन होस्टा ग्रोअर्स असोसिएशननं त्याला त्या वर्षीचा होस्टा म्हणून निवडलं. पूर्ण वाढलेल्या गड्ड्याची उंची सहा ते आठ इंच, घेर फूट-दीड फूट. पान गोलसर, साधारण पावणेतीन इंच लांब आणि तेवढंच रुंद, कडा किंचित आत वळलेल्या. जाडी तर अशी की बोटात धरलं की घायपाताची आठवण व्हावी. ती आठवण अगदीच परकी नाही. घायपात, निशिगंध आणि शतावरी ज्या मोठ्या कुळात येतात त्याच कुळातला हा होस्टा. हे मला कळलं त्या दिवसापासून परक्या मुलखातलं झाड म्हणून त्याच्याकडे पाहणं थांबलं.

होस्टाचं मूळ जपान, कोरिया आणि चीनचं. जपानीत त्याला गिबोशी म्हणतात. जुन्या लाकडी पुलांच्या कठड्याच्या खांबांवर कांद्याच्या आकाराचा एक कळस बसवतात, त्याचं हे नाव. होस्टाच्या कळ्यांचा झुपका तसाच दिसतो. माझ्या उंदरावर हे अगदी स्पष्ट दिसतं, कारण त्याच्या कळ्या इतर होस्टांपेक्षा गुबगुबीत असतात. जुलैच्या सुरुवातीला बुटक्या दांड्यांवर त्या फुगतात आणि मग फिकट जांभळी फुलं उमलतात. बहुतेक होस्टांची फुलं पानांच्या वर लांब काठीला लटकल्यासारखी दिसतात, काही जण तर ती कापूनच टाकतात. या झाडाचा दांडा त्याच्या अंगाला शोभेल एवढाच उंच असतो. नर्सरीतल्या फोटोत ते कळत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

या झाडाचा निळा रंग हीच त्याची खरी संपत्ती आहे आणि ती सांभाळायची तर तो रंग म्हणजे काय हे माहीत हवं. पान मुळात हिरवंच असतं. त्यावर मेणाचा पांढुरका थर असतो, द्राक्षाच्या मण्यावर असतो तसा, आणि त्या थरामुळे हिरवं निळं दिसतं. मेण पुसलं की निळेपण गेलं. पहिल्या वर्षी नातीनं एका पानाला चिमटीत धरून “कान!” म्हटलं होतं. त्या पानावर तिच्या बोटांचे हिरवे ठसे पडले ते ऑक्टोबरमध्ये पान गळेपर्यंत राहिले. कडक ऊन आणि उन्हाळी पावसाच्या जोरदार सरींनीही तो थर झिजतो. म्हणून पाणी पानांवर मारायचं नाही, मुळाशी घालायचं. मे महिन्याच्या शेवटापासून जूनअखेरपर्यंत रंग सर्वांत चांगला. ऑगस्टच्या मध्यावर तो करडा-हिरवा होतो आणि गणेश चतुर्थीला आमचे उंदीर जवळजवळ हिरवेच असतात. मला त्याची हळहळ वाटते. बाप्पा घरी येतात तेव्हा ते आपल्या सर्वांत सुंदर रूपात असावेत असं वाटतं, पण झाडाचं पंचांग वेगळं असतं.

आता वर्षभराचा क्रम. ऑक्टोबरमध्ये पहिलं कडाक्याचं दव पडलं की पानं पिवळी होऊन चिखलासारखी बसतात. ती मी उचलून टाकते, कारण त्यांच्याखाली गोगलगायी अंडी घालतात. मग एप्रिलच्या शेवटापर्यंत तिथं काहीही नसतं. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं झाड मेलं. यांनी आठवण करून दिली की आपल्याकडे चवर, सोनटक्का, रानहळद असंच करतात, उन्हाळ्यात नाहीशी होतात आणि मृगात परत येतात. हे झाड हिवाळ्यात नाहीसं होतं एवढाच फरक. वसंतात जमिनीतून जांभळट टोकदार कोंब येतात, त्यांना इथं डोळे म्हणतात. उसाच्या कांडीवरच्या डोळ्याला आपण म्हणतो तसेच. मग पान विड्याच्या सुरळीसारखं गुंडाळलेलं वर येतं आणि दोन-तीन दिवसांत उलगडतं. त्या दोन-तीन दिवसांत मी चहाचा कप घेऊन तिथंच पायरीवर बसते.

याच वेळी धोकाही असतो. इथं मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठतं. कोवळं पान एकदा गोठलं की त्या हंगामात सुधारत नाही. अशा रात्री मी माझ्या सासूबाईंची जुनी सुती नऊवारी दुहेरी घडी करून सगळ्या कोपऱ्यावर पसरते आणि चारी टोकांना दगड ठेवते. प्लास्टिक घालू नका, पानाला टेकलं तिथं ते उलट गोठवतं.

पहिल्या वर्षी तीन डोळ्यांचं रोप होतं. दुसऱ्या वर्षी सहा झाले, चौथ्या वर्षी मोजले तेव्हा एकोणतीस. जमिनीखाली मुळं पक्की झाल्याशिवाय हे झाड वर काही दाखवत नाही. दुसऱ्या वर्षी निराश होऊन कुणी ते उपटू नये.

मूळ ‘ब्लू माउस इअर्स’ला मी पाचपैकी पाच देते. एकच कमतरता आहे. फुलांना वास नाही. माझ्यासारख्या निशिगंधावर वाढलेल्या माणसाला ती जाणवते. होस्टांमध्ये वासाची फुलं चीनमधल्या प्लांटाजिनिया जातीची आणि तिच्या वंशातली. ‘ग्वाकामोले’ त्यातलाच, तो २००२ चा वर्षाचा होस्टा होता. पण ती झाडं दीड-दोन हात जागा घेतात. आमच्या कोपऱ्यात एक ‘ग्वाकामोले’ आला तर चार उंदीर बेघर होतील.

आता कुटुंबाकडे वळते. होस्टाच्या एका गड्ड्यात अधूनमधून एखादा कोंब वेगळ्याच रंगाच्या पानांचा येतो, तो वेगळा करून वाढवला की नवीन प्रकार तयार होतो. ‘ब्लू माउस इअर्स’नं असे इतके प्रकार दिले आहेत की नावात ‘माउस’ असलेल्या होस्टांचंच एक वेगळं दालन करता येईल. मी चार घेतले.

‘मायटी माउस’ला निळसर पानाभोवती पिवळट काठ असतो, तो उन्हाळ्यात साईसारखा पांढरा होत जातो. आमच्याच मिशिगनमधल्या झीलंडच्या वॉल्टर्स गार्डन्सनं आणलेला हा प्रकार. पैठणीच्या काठासारखा तो काठ लांबूनही उठून दिसतो आणि झाड दणकट आहे. माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही पाच वर्षांत भरपूर पसरले. साडेचार गुण. अर्धा यासाठी कापला की भर उन्हात ठेवलेल्या एका गड्ड्याच्या काठांना जुलैत तपकिरी डाग पडले. अकरानंतर सावली मिळते तिथं ते झालं नाही.

‘चर्च माउस’ची पानं निळी-हिरवी आणि कडांना दाट चुण्या पडलेली, झालरीसारखी. तो इतरांपेक्षा सावकाश वाढतो. चार वर्षांत सात डोळ्यांवरून अकरावर गेला. पण जवळून पाहायला सर्वांत सुंदर तोच. डोळ्यांच्या पातळीला असलेल्या कुंडीत लावावा. जमिनीत लावला तर त्याची नक्षी कुणाला दिसत नाही.

‘होली माउस इअर्स’ला मध्ये मलईचा रंग आणि बाहेर निळा-हिरवा काठ. मे महिन्यात त्यापुढे दुसरं काही बघवत नाही. मात्र पानाचा जो भाग पांढरा असतो तिथं हरितद्रव्य नसतं, म्हणजे झाडाच्या स्वयंपाकघरातली निम्मी चूल विझलेली. साहजिकच त्याची वाढ कमी, पाण्यातली चूक त्याला सोसत नाही. माझा अजून जिवंत आहे आणि तो टिकला याचा मला अभिमान आहे, पण ज्यांची ही पहिलीच खेप आहे त्यांनी याच्यापासून सुरुवात करू नये. तीन गुण.

‘स्नो माउस’ही मध्ये पांढरा, कडेला हिरवा. तो माझ्याकडे दोन हिवाळे काढून गेला. दोष झाडाचा की माझा हे सांगताना मला प्रामाणिक राहायला हवं. मी त्याला जमिनीत, मेपलच्या अगदी बुंध्याशी लावला होता आणि तिथं मोठमोठी झाडंसुद्धा हरतात. तरी त्याच ओळीतला ‘मायटी माउस’ जगला. त्याला गुण देत नाही, परत लावून बघितल्याशिवाय देणं बरोबर नाही.

मेपलविषयी थोडं जास्त सांगते, कारण सावलीच्या बागेतलं खरं संकट सावली नसतंच. मेपलची मुळं वरच्यावर, केसांसारखी बारीक आणि सगळीकडे असतात. तुम्ही खड्डा खणून, कंपोस्ट घालून, पाणी घालून छोटं झाड लावता आणि दोन वर्षांत त्या खड्ड्यात मेपलच्या मुळांचं चटईसारखं जाळं तयार होतं. तुमच्या झाडाचं खाणं-पिणं मेपल घेतं. मोठा होस्टा झगडतो, छोटा गुदमरतो. दुसऱ्या वर्षी मी खुरपं घेऊन ‘ब्लू माउस इअर्स’ उकरला तेव्हा गड्ड्याखाली बोटभर जाडीचा मुळांचा थर निघाला.

उपाय सापडला तो आमच्या गावच्या डोणीमुळे. गोठ्यात गुरांना पाणी प्यायला दगडी डोण असायची. तशाच आकाराच्या, तळाला भोकं असलेल्या काँक्रीटच्या तीन डोणी मी घेतल्या, विटांवर उचलून ठेवल्या आणि बुटके होस्टा त्यात हलवले. मातीत एक भाग पाइनच्या सालींचा भुगा, एक भाग कुंडीची तयार माती आणि मूठभर बारीक खडी. बुटक्या होस्टांना ओल हवी पण पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, गड्डा कुजतो. डोणीत लावल्यापासून एकही गड्डा कुजला नाही. दरवर्षी गणपती घरीच बादलीत विसर्जन करतो, ती शाडूची माती वाळवून, कुस्करून थोडी थोडी त्यात मिसळते. शाडू चिकट असते, जास्त घातली तर निचरा बंद होतो. एका डोणीला दोन वाट्या पुरे. माझ्या दृष्टीनं उंदरांचं आणि बाप्पाचं नातं तिथं जुळतं.

कुंडीत लावलेल्यांचा एक त्रास आहे. जमिनीतला होस्टा मिशिगनची थंडी सहज काढतो, कुंडीतला मात्र माती गोठणं-वितळणं-गोठणं या फेऱ्यांत उखडला जातो, आणि मार्चमधलं बर्फाचं पाणी गड्ड्यात शिरतं. जड डोणी हलत नाहीत, त्यांच्यावर मी नोव्हेंबरात पाचोळ्याचा जाड थर आणि वर तिरपी फळी ठेवते. सुट्या कुंड्या पानं गळाल्यावर गॅरेजमध्ये जातात. महिन्यातून एकदा कपभर पाणी. घरात उबेला आणायच्या नाहीत. या झाडाला काही आठवडे खरी थंडी मिळालीच पाहिजे, नाहीतर वसंतात ते नीट फुटत नाही. सावंतवाडीची वहिनी दरवर्षी विचारते की येताना एक उंदीर घेऊन ये. तिला दरवर्षी हेच सांगते की तुमच्याकडे त्याला झोपच लागणार नाही.

शत्रू तीन. बिनशंखी गोगलगायी मोठ्या पातळ पानांची चाळण करतात, पण उंदरांची जाड पानं त्यांना फारशी आवडत नाहीत. अगदी कोवळेपणी लोह फॉस्फेटचे दाणे एकदा टाकले की काम भागतं. सशांना मात्र एप्रिलमधले कोंब फार आवडतात. २०२२ मध्ये एका रात्रीत पाच गड्डे जमिनीसरशी कापलेले मिळाले. तेव्हापासून कोंब दिसण्याआधीच बारीक तारेची जाळी उलट्या टोपलीसारखी ठेवते. तिसरी हरणं. होस्टा म्हणजे हरणांची मेजवानी, आणि संध्याकाळी ती आमच्या गल्लीतून निवांत फिरतात. अंडं-लसणाचा वास असलेला फवारा दर दोन आठवड्यांनी आणि पावसानंतर पुन्हा मारावा लागतो. वास आपल्यालाही येतो, पण वाळल्यावर जातो. कुत्रा किंवा मांजर असेल तर लक्षात ठेवा, होस्टा त्यांना विषारी आहे. जपानमध्ये यामागाता भागात होस्टाचे कोवळे कोंब ‘उरुई’ नावानं भाजी म्हणून विकले जातात. ते वाचून मला टाकळ्याची आणि कुर्डूची भाजी आठवली. तरी शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या रोपांवर काय फवारलं असेल सांगता येत नाही, म्हणून मी कधी शिजवले नाहीत.

आता जे मला सर्वांत महाग पडलं ते. तिसऱ्या वर्षी एका मोठ्या दुकानाच्या बागविभागात मोसम संपता संपता पाच डॉलरला एक होस्टा मिळाला. पिवळ्या पानात शिरांच्या कडेनं गडद हिरवं पसरलेलं, टीपकागदावर शाई पसरावी तसं. मला ती नक्षी वाटली. दोन महिने मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकानं दाखवत होते. पुढच्या वसंतात स्थानिक होस्टा क्लबच्या रोपविक्रीला गेले, फोनवरचा फोटो एका वयस्क गृहस्थांना दाखवला आणि त्यांचा चेहराच बदलला. तो होस्टा व्हायरस एक्स होता. हा विषाणू मिनेसोटा विद्यापीठात १९९६ मध्ये बेन लॉकहार्ट यांनी ओळखला. झाडाचा रस एका पानातून दुसऱ्यात गेला की तो पसरतो, म्हणजे आपलीच कात्री, आपलीच सुरी, आपलीच नखं. औषध नाही. झाड काढून टाकणं हाच मार्ग.

त्यांनी घरी तपासता येणारी पट्टी कशी वापरायची ते समजावलं. पानाचा तुकडा पिशवीतल्या द्रवात चुरडायचा, पट्टी बुडवायची, दोन रेघा आल्या की झालं. दोन रेघा आल्या. मी त्याच सुरीनं त्या वसंतात ‘ब्लू माउस इअर्स’चा एक तुकडा वेगळा केला होता. त्याचीही तपासणी केली आणि तिथंही दुसरी रेघ उमटली, पुसट पण होती. दोन्ही झाडं मुळांसकट काढून जाड पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली, सुरी टाकून दिली, आणि त्या दोन जागांवर तीन वर्षं होस्टा लावला नाही. तिथं सध्या नेचे आहेत. बाकीच्या गड्ड्यांची पुढची दोन वर्षं तपासणी केली, सगळे स्वच्छ निघाले. त्या दिवसापासून एका गड्ड्याला लावलेलं पातं दुसऱ्याला लावत नाही. स्टेशनरीच्या दुकानात कागद कापायची पाती पाकिटानं मिळतात, प्रत्येक झाडाला नवीन पातं घेते.

म्हणून विकत घेताना चिठ्ठीपेक्षा पान जास्त वाचा. डाग नियमित आहे का, काठ स्वच्छ आहे का, शिरांच्या कडेनं रंग झिरपल्यासारखा दिसतो का. त्याच प्रकारची चार रोपं शेजारी असतील तर ती एकमेकांसारखी दिसली पाहिजेत. आणि उन्हाळ्याच्या शेवटी निम्म्या किमतीत मिळणारा होस्टा, कितीही मोह झाला तरी, आहे त्या बागेत सरळ लावू नका. एक पूर्ण वसंत दूर कुंडीत ठेवा.

टपालानं मागवण्याचाही अनुभव आहे. एकूण तीनदा मागवलं. मेमध्ये रोपं ओल्या कागदात गुंडाळून, माती काढून येतात. दिसायला केविलवाणी, पण मुळं पांढरी आणि टणक असली तर काळजी नसते. आल्याबरोबर तासभर पाण्यात ठेवून त्याच दिवशी लावायची. दोन वेळा सगळं व्यवस्थित होतं. एकदा ‘होली माउस इअर्स’च्या नावानं आलेलं रोप पूर्ण निळं निघालं. मध्ये मलई असलेली झाडं कधी कधी आपल्या मूळ रंगावर परत जातात, पण तेव्हा एक-दोन कोंब जातात, सगळा गड्डा नाही. हे चुकीचंच रोप होतं. फोटो पाठवल्यावर त्यांनी पुढच्या वसंतात बरोबर रोप पाठवलं, पण एक अख्खा हंगाम गेला. म्हणून आता जमेल तितकं पानं आलेलं रोप डोळ्यांनी बघूनच घेते. क्लबच्या विक्रीत घरच्या बागेतून काढलेले गड्डे असतात, किंमत दुकानापेक्षा कमी, आणि विकणारा माणूस त्या झाडाची कुंडली सांगतो.

घेण्याआधी पूर्ण वाढलेलं झाड बघायचं असेल तर टिप्टनचं हिडन लेक गार्डन्स जरूर पाहावं. मिशिगन स्टेट विद्यापीठाकडे ही जागा १९४५ पासून आहे आणि तिथं एका उतारावर होस्टांचा मोठा संग्रह आहे, शेकडो जाती, नावांच्या पाट्यांसह. आमच्याकडून गाडीनं तासाभराचा रस्ता. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी लवकर जा. तिथंच मला कळलं की मोठ्या होस्टांची सुपासारखी पानं मला कितीही आवडली तरी त्यांना माझ्या दारात जागा नाही. शूर्पकर्ण म्हणजे सुपासारख्या कानांचा, हे बाप्पाचं नाव मनात येऊन मी एका प्रचंड पानासमोर बराच वेळ उभी राहिले आणि मग हात रिकामे घेऊन परतले.

उंदरांखेरीज दोनच झाडांना मी कोपऱ्यात घेतलं. ‘प्रेइंग हँड्स’, २०११ चा वर्षाचा होस्टा. त्याची अरुंद पानं उभी, घडी पडलेली आणि पिळलेली असतात, जोडलेल्या हातांसारखी. आडवी जागा जवळजवळ घेत नाही, त्यामुळे लहान बागेला मागच्या बाजूला उभं काहीतरी हवं असेल तर याच्याइतकं चांगलं मला दुसरं सापडलं नाही. पाचपैकी पाच. दुसरा ‘अबिक्वा ड्रिंकिंग गोर्ड’, २०१४ चा. त्याची निळी पानं खोल द्रोणासारखी. पाऊस पडला की त्यात पाणी साठतं, चिमण्या येऊन पितात. त्या द्रोणांत मेपलच्या भिरभिऱ्या बिया आणि फुलांचा कचराही साठतो, तो हातानं काढावा लागतो आणि काढताना मेण पुसलं जातं. जागाही तो दोन-सव्वादोन फूट घेतो. तरी मला तो हवाच होता, प्रसादाचा द्रोण म्हणून. चार गुण.

यंदा अक्षय्य तृतीयेच्या आसपास, डोळे जमिनीबाहेर बोटभर आले होते तेव्हा, सर्वांत जुना निळा गड्डा काढला. धुऊन, नवीन पात्यानं सहा तुकडे केले, प्रत्येकाला चार-पाच डोळे आणि भरपूर मुळं राहतील असे. एक तुकडा परत डोणीत गेला. पाच छोट्या कुंड्यांत लावून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून दिले. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि एक निळा उंदीर. नातीनं प्रत्येक कुंडीवर स्वतःच्या अक्षरात देवनागरीत नाव लिहिलं: ‘मूषक, निळा. पानाला हात लावू नये.’

त्यातल्या चार जणींनी जूनमध्ये फोटो पाठवले. पाचवीच्या बागेत ससे आले, तिला पुढच्या वर्षीच्या गड्ड्यातला तुकडा राखून ठेवला आहे, आणि तारेची जाळी मी या आठवड्यात नेऊन देणार आहे.